दगडी पायऱ्या आल्या तेव्हा नाटककार गेलेले होते : ग्रीक आणि रोमन रंगभूमीविषयी

पिटातला (धागाकर्ता)

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर डायोनिससच्या थिएटरचे अवशेष आहेत. त्यांत पहिल्या रांगेच्या मधोमध एक संगमरवरी आसन दिसते. त्याचे पाय सिंहाच्या पंजांसारखे कोरलेले आहेत, पाठीवर द्राक्षांचे घोस आहेत आणि ते डायोनिसस देवाच्या पुजाऱ्याचे असल्याचा लेख त्यावर आहे. आम्ही गेलो तेव्हा आमच्या वाटाड्याने तिथे थांबून मोठ्या अभिमानाने सांगितले, की याच पायऱ्यांवर बसून अथेन्सकरांनी सॉफोक्लिसची नाटके पाहिली. वाक्य ऐकायला फार छान आहे, पण ते खरे नाही. सॉफोक्लिस इ.स.पू. ४०६ च्या सुमारास वारला. दगडी प्रेक्षागृह पुरे झाले ते लायकर्गस नावाच्या मुत्सद्द्याच्या हाती शहराची तिजोरी होती त्या काळात, म्हणजे इ.स.पू. ३३० च्या आसपास. एस्किलस, सॉफोक्लिस, युरिपिडिस आणि अ‍ॅरिस्टोफेनिस यांची नाटके ज्यांनी पहिल्यांदा पाहिली, ते लाकडी फळ्यांवर दाटीवाटीने बसलेले होते.

रोममध्येही हेच घडले. तिथल्या सुखात्मिकाकारांपैकी प्लॉटस इ.स.पू. १८४ च्या आणि टेरेन्स इ.स.पू. १५९ च्या सुमारास वारला, तर रोमचे पहिले कायमचे दगडी थिएटर उभे राहिले इ.स.पू. ५५ मध्ये. ज्या इमारतींची छायाचित्रे आपण 'प्राचीन रंगभूमी' म्हणून पाहतो, त्या बहुतेक सगळ्या नाटके लिहून झाल्यानंतरच्या आहेत. हे एकदा ध्यानात घेतले, की या रंगभूमीचा इतिहास निराळाच दिसू लागतो, आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

सुरुवात कुठून झाली, याचे सर्वांत जुने उत्तर अ‍ॅरिस्टॉटलचे आहे. डायोनिससच्या स्तुतीसाठी पन्नास जणांचा वृंद वर्तुळात नाचत जे 'डिथिरॅम्ब' नावाचे गीत गाई, त्याच्या म्होरक्यांपासून शोकात्मिका निघाली आणि लिंगपूजेच्या मिरवणुकीतल्या गाण्यांपासून सुखात्मिका निघाली, असे तो म्हणतो. मात्र तो हे लिहीत होता तेव्हा त्या घटनेला जवळजवळ दोनशे वर्षे होऊन गेली होती, तेव्हा त्याचे म्हणणेही थोडे सांभाळूनच घ्यावे लागते. परंपरा थेस्पिसचे नाव घेते. इकारिया गावचा हा माणूस इ.स.पू. ५३४ च्या सुमारास वृंदातून वेगळा होऊन पात्र म्हणून बोलू लागला, असे सांगतात. त्याच्या नाटकांतले खात्रीने त्याचे म्हणावे असे काहीही उरलेले नाही. पुढचा हिशेब अ‍ॅरिस्टॉटल अगदी जमाखर्चासारखा मांडतो : एस्किलसने नटांची संख्या एकावरून दोनवर नेली आणि वृंदाचा वाटा कमी केला, सॉफोक्लिसने तिसरा नट आणि रंगवलेले नेपथ्य आणले. एकच नट असेल तर तो फक्त वृंदाशी बोलू शकतो. दुसरा आला की दोन माणसांचे भांडण उभे राहते. तिसरा आला की दोघांचे भांडण ऐकणारा आणि त्यामुळे बदलणारा माणूस मिळतो. 'राजा ईडिपस'मधला करिंथचा दूत, ईडिपसची राणी योकास्टा आणि ईडिपस यांचा प्रसंग आठवून पाहा. दूत आणि ईडिपस बोलत असतात आणि शेजारी उभ्या असलेल्या योकास्टाला सारे आधी कळून चुकते. तिसऱ्या नटाशिवाय हा प्रसंग लिहिताच आला नसता.

या नाटकांचा मुहूर्त वसंतातल्या नगर-डायोनिसिया उत्सवाचा असे आणि ती स्पर्धा असे. आर्खोन हा अधिकारी तीन शोकात्मिकाकार निवडी. प्रत्येकाने तीन शोकात्मिका आणि त्यामागून सॅटरांच्या, म्हणजे डायोनिससच्या अर्धपशू सोबत्यांच्या, वृंदाचे एक चावट नाटक द्यायचे. वृंदाच्या तालमी, पोशाख आणि शिक्षक यांचा खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकाच्या गळ्यात पडे. त्याला 'खोरेगोस' म्हणत. हा एक प्रकारचा करच होता, पण मिरवता येण्यासारखा. इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलसच्या 'पर्शियन'चा खर्च तरुण पेरिक्लिसने उचलला होता. विजयी खोरेगोस बक्षीस मिळालेली तिवई उंच चौथऱ्यावर बसवून ठेवत. लिसिक्रेटिस नावाच्या एकाने इ.स.पू. ३३४ च्या सुमारास उभारलेले असे देखणे स्मारक अथेन्सच्या प्लाका भागात अजून उभे आहे. नाटककाराचे पुतळे पुढे झाले, पण पैसे देणाऱ्याचे स्मारक लगेच झाले, ही गोष्ट आपल्याला फारशी अनोळखी वाटू नये.

परीक्षक दहा, दहा जमातींमधून प्रत्येकी एक, तेही चिठ्ठ्या टाकून निवडलेले; आणि त्यांनी दिलेल्या दहा मतांपैकी पाचच पुन्हा चिठ्ठीने काढून निकाल लावत. लाच देणाऱ्याला कोणाला द्यावी हेच कळू नये, अशी ही व्यवस्था होती. तरीही निकाल आजच्या वाचकाला चक्रावून टाकतात. इ.स.पू. ४३१ मध्ये युरिपिडिसची 'मीडिया' ज्या संचात होती तो संच तिसरा, म्हणजे शेवटचा आला. 'राजा ईडिपस'च्या वेळी सॉफोक्लिस फिलोक्लिस नावाच्या कवीकडून हरला, आणि त्या फिलोक्लिसचे एकही नाटक आज शिल्लक नाही.

प्रेक्षकाला काय सोसवत नव्हते, याचीही एक नोंद आहे. पर्शियनांनी इ.स.पू. ४९४ मध्ये मिलेटस शहर उद्ध्वस्त केले आणि फ्रिनिकसने त्यावर नाटक केले. हिरोडोटस सांगतो, की सारे प्रेक्षागृह रडले आणि 'आपल्याच घरच्या दुःखाची आठवण करून दिली' म्हणून अथेन्सकरांनी कवीला एक हजार द्राख्मा दंड केला, शिवाय ते नाटक पुन्हा करण्यास बंदी घातली. त्यानंतर शोकात्मिका बहुतांशी पुराणकथांकडे वळलेली दिसते. एस्किलसने 'पर्शियन' लिहिले तेव्हा मात्र दुःख शत्रूच्या घरचे दाखवले.

रोमविषयी पुढच्या प्रतिसादात लिहितो.

तिसरी घंटा

लेख आवडला. पु. ल. देशपांडे यांचा 'राजा ओयदिपौस' वाचल्यापासून एक प्रश्न मनात आहे. तीनच नट, सगळे पुरुष, तोंडावर मुखवटे आणि समोर हजारो माणसे उघड्यावर बसलेली. अशा वेळी अभिनय म्हणजे नेमके काय उरत असेल? चेहरा तर दिसतच नाही. मग प्रेक्षक नटाचे कौतुक कशाबद्दल करत?

पिटातला

तिसरी घंटा, आवाजाबद्दल. इ.स.पू. ४४९ पासून नटांसाठी वेगळे पारितोषिक ठेवले गेले, आणि ते मिळवायचे तर आवाज, उच्चार आणि श्वास यांवर हुकमत हवी. याची साक्ष एका फजितीत सापडते. इ.स.पू. ४०८ मध्ये युरिपिडिसच्या 'ओरेस्टिस'मध्ये हेगेलोखस नावाचा नट मुख्य भूमिकेत होता. वेडाच्या झटक्यातून शुद्धीवर येताना त्याला म्हणायचे होते, की लाटा ओसरल्या आणि मला पुन्हा शांत समुद्र दिसतो आहे. 'शांत समुद्र' या शब्दाचे शेवटचे अक्षर गाळून तो पुढच्या शब्दात मिसळायचा होता. हेगेलोखसला ते साधले नाही, सुराचा चढउतार चुकला आणि त्या शब्दाचा अर्थ झाला मुंगसासारखा दिसणारा, घरातले उंदीर मारणारा एक प्राणी. वादळातून वाचलेल्या नायकाला समोर तो प्राणी दिसू लागला.

हजारो लोकांना एका स्वराची चूक ऐकू आली, आणि ती त्यांनी विसरलीही नाही. तीन वर्षांनी, इ.स.पू. ४०५ मध्ये, अ‍ॅरिस्टोफेनिसच्या 'बेडूक' नाटकात पाताळात घाबरलेल्या डायोनिससला त्याचा नोकर धीर देताना मुद्दाम हेगेलोखसचे तेच वाक्य त्याच चुकीसकट म्हणतो. त्याच्या काही ओळी आधी भेदरलेला डायोनिसस पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्याच पुजाऱ्याकडे धाव घेऊन 'मला वाचवा' असे ओरडतो. पुजारी खरोखर समोर बसलेला असे. सुरुवातीला ज्या आसनाचा उल्लेख केला, त्याच्या पूर्वीच्या एखाद्या लाकडी अवतारावर तो तेव्हा बसला असावा.

मुखवट्याचा फायदाही होता. ताठवलेल्या कापडाचा मुखवटा बदलला की तोच नट राणी होऊन आत जाई आणि दूत होऊन बाहेर येई. वृंदाला मात्र आडोसा नव्हता. शोकात्मिकेत आधी बारा, सॉफोक्लिसपासून पंधरा आणि सुखात्मिकेत चोवीस माणसे एकदा आत आली, की सहसा शेवटपर्यंत तिथेच असत.

अनुस्वार

शब्दांविषयी थोडे लिहितो, कारण ही सगळी नावे इमारतीची आहेत असे आपल्याला वाटते, पण मुळात ती क्रियांची आहेत. 'थिएट्रॉन' म्हणजे पाहण्याची जागा आणि 'ऑर्खेस्ट्रा' म्हणजे नाचण्याची जागा. 'स्कीनी' म्हणजे राहुटी, जिच्यात नट मुखवटे बदलत. तिच्यापासूनच आपल्याकडे नाटकातला 'सीन' आला. एस्किलसच्या 'ऑरेस्टिया'त, म्हणजे इ.स.पू. ४५८ मध्ये, ही राहुटी अ‍ॅगमेम्नॉनचा राजवाडा झालेली दिसते, तिच्या दारातून तो आत जातो आणि परत येतो ते त्याचे प्रेत. खून रंगमंचावर होत नसे. आतले दृश्य दाखवायचे तर चाकांचा पाट बाहेर ढकलत आणि देवाला आणायचे तर यारीने वर उचलत. शोकात्मिकेचा मूळ शब्द 'ट्रॅगोइडिया' म्हणजे अक्षरशः बोकडाचे गाणे. तो बोकड बक्षिसाचा की बळीचा, यावर प्राचीन काळापासून वाद चालू आहे.

आता अवांतर, पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. संस्कृत नाटकातल्या पडद्याला 'यवनिका' म्हणतात, एवढ्या आधारावर भारतीय नाटक ग्रीकांकडून आले असे सिद्ध करण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकातल्या काही युरोपीय पंडितांनी केला. गंमत अशी, की अथेन्सच्या रंगभूमीवर असा पडदाच नव्हता. प्रेक्षक उजेडात येऊन बसत, तेव्हा समोर सगळे उघडेच असे. पडदा रोमन लोकांनी वापरला, तोही उलटा : नाटक सुरू होताना तो खाली खाचेत पडे आणि संपताना वर येई. 'यवनिका' हे नाव यवनांच्या देशातल्या कापडावरून पडले असावे, असे एक मत आहे, आणि 'जवनिका' असाही पाठ सापडतो. दोन्ही परंपरांची भेट झालीच नाही असे मी म्हणत नाही, अफगाणिस्तानात आय-खानुम इथे ग्रीक थिएटर सापडलेले आहे. पण एका शब्दावर एवढी इमारत उभी राहत नाही.

पिटातला

अनुस्वार, यवनिकेबद्दल पूर्ण सहमत. आता रोम.

लिव्ही हा इतिहासकार सांगतो, की इ.स.पू. ३६४ मध्ये रोममध्ये साथ आली. ती हटेना म्हणून देवांना प्रसन्न करण्यासाठी इट्रुरियातून बासरीच्या तालावर नाचणारे लोक बोलावले गेले. त्यांच्या भाषेतल्या शब्दावरून रोमन लोक नटाला 'हिस्ट्रिओ' म्हणू लागले. पण लिखित नाटकाची सुरुवात इ.स.पू. २४० मध्ये झाली. कार्थेजशी पहिले युद्ध नुकतेच संपले होते आणि लिव्हियस अँड्रोनिकसने ग्रीक नाटक लॅटिनमध्ये करून उत्सवात सादर केले. प्लॉटस आणि टेरेन्स दोघांनीही कथानके ग्रीकच घेतली, मुख्यतः अथेन्सचा सुखात्मिकाकार मेनांडर आणि त्याच्या समकालीनांची. पात्रे अथेन्समध्ये राहतात, ग्रीक झगे घालतात आणि विनोद मात्र रोमच्या बाजारातले करतात. मालकाला लुबाडणारा चतुर गुलाम ज्या गुलाम बाळगणाऱ्या प्रेक्षकांना हसवत होता, त्यांच्यासाठी कथा परक्या गावात घडणे सोयीचेच असणार.

अथेन्समध्ये नाटक हा उत्सवाचा गाभा होता. रोममध्ये ते जत्रेतल्या अनेक खेळांपैकी एक होते. टेरेन्सच्या 'सासू' या नाटकाचे काय झाले, ते त्याच्या प्रस्तावनांतच आहे. पहिला प्रयोग इ.स.पू. १६५ मध्ये झाला. मुष्टियोद्ध्यांची आणि दोरीवर चालणाऱ्याची हाकाटी उठली, गलका झाला आणि नाटक बंद करावे लागले. दुसरा प्रयोग इ.स.पू. १६० मध्ये एमिलियस पॉलसच्या अंत्यसंस्काराच्या खेळांत लावला. पहिला भाग रंगला, तेवढ्यात तलवारबाज येणार अशी आवई उठली. लोक धावत आले आणि जागेसाठी ढकलाढकल आणि हाणामारी सुरू झाली. तिसऱ्या खेपेला अँबिव्हियस टर्पिओ हा म्हातारा नट-व्यवस्थापक पुढे आला. त्याने मागच्या दोन्ही फजित्या प्रेक्षकांना सांगितल्या आणि कृपा करून शांत बसा अशी विनंती केली. तेव्हा कुठे नाटक पुरे झाले. ज्याचे भाषण ऐकून लोक बसले, त्या टर्पिओचे रोमन रंगभूमीवर माझ्या मते टेरेन्सइतकेच उपकार आहेत.

आणि बसणेच सिनेटला खुपत होते. इ.स.पू. १५४ मध्ये सेन्सॉर या अधिकाऱ्यांनी दगडी थिएटर बांधायला घेतले होते. स्किपिओ नासिकाने ते लोकांच्या नीतीला घातक ठरवून पाडायला लावले, सामान लिलावात काढले आणि शहरात किंवा शहराच्या एक मैलाच्या आत खेळ बसून पाहू नयेत, असा ठराव झाला. ठराव फार काळ टिकला नाही, कारण लोक बसणारच. पण पुढची जवळजवळ शंभर वर्षे दर उत्सवाला लाकडाचे थिएटर उभारायचे आणि मोडायचे, असे चालले. तेही साधे राहिले नाही. इ.स.पू. ५८ मध्ये स्कॉरसने उभारलेल्या तात्पुरत्या थिएटरला ३६० खांब होते, असे थोरला प्लिनी लिहितो.

शेवटी पॉम्पीने इ.स.पू. ५५ मध्ये दगडी थिएटर बांधले. प्रेक्षागृहाच्या माथ्यावर त्याने व्हीनस देवीचे मंदिर ठेवले आणि हे मंदिरच आहे, त्याला फक्त पायऱ्या जोडल्या आहेत, असे सांगितले, अशी नोंद पुढे टर्ट्युलियन करतो. अतिक्रमणावर देऊळ बांधणाऱ्यांनी ही युक्ती कुठून घेतली, असा विचार इथे मनात येतोच. ग्रीकांना टेकडीचा उतार लागे, रोमनांनी काँक्रीटच्या कमानींवर सपाटीत उतार उभा केला. नाचण्याचे वर्तुळ अर्धे झाले, कारण वृंद उरलाच नव्हता. तिथे प्रतिष्ठितांच्या खुर्च्या आल्या आणि मागे खांबांनी मढवलेली उंच भिंत उभी राहिली.

या थिएटरच्या उद्घाटनाला काय झाले, ते सिसेरोने एका मित्राला पत्रातून कळवले आहे. नवे नाटक नव्हतेच. वारलेल्या अ‍ॅकियसचे 'क्लायटेम्नेस्ट्रा' लावले आणि त्यात सहाशे खेचरे रंगमंचावर आणली. दुसऱ्या एका नाटकात तीन हजार मद्यकुंभ मिरवले. एसोपस हा एकेकाळचा नामवंत नट निवृत्तीतून परत आला होता आणि शपथेचे वाक्य म्हणताना त्याचा आवाजच बसला. यात मजा ती काय, असे सिसेरो विचारतो. पुढे तिथे आणि इतरत्र गाजले ते मुखवट्याशिवायचे 'माइम', ज्यांत स्त्रिया काम करत, आणि एकटा नर्तक सगळी पात्रे मूकपणे नाचून दाखवी ते 'पँटोमाइम'. सेनेकाने नंतर शोकात्मिका लिहिल्या, पण त्या रंगमंचावर आल्या की श्रीमंतांच्या दिवाणखान्यात वाचल्या गेल्या, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

मावळतीचा वाटसरू

धागा माहितीपूर्ण आहे, परंतु शीर्षकाला माझी हरकत आहे. मेनांडर कुठे गेला? लायकर्गस इ.स.पू. ३२४ च्या सुमारास वारला आणि मेनांडरने 'डिस्कोलस'ने इ.स.पू. ३१६ मध्ये लेनाया या अथेन्सच्या दुसऱ्या नाट्योत्सवात पहिला क्रमांक मिळवला. म्हणजे दगडी पायऱ्या तयार होत्या आणि नाटककार अगदी तरुण होता. प्लॉटस आणि टेरेन्स ज्याच्यावर जगले, तोच तुमच्या हिशेबातून सुटला आहे. दुसरे असे, की दगडाने नाटक मारले असा सूर निघतो, तो अन्यायाचा आहे. एपिडॉरसला खालच्या चौतीस रांगांवर नंतर एकवीस रांगा वाढवाव्या लागल्या. प्रेक्षक वाढत असल्याशिवाय कोणी दगड वाढवत नाही. इ.स.पू. ३८६ पासून डायोनिसियात जुन्या शोकात्मिकेचा प्रयोग होऊ लागला आणि पुढे नटांचे संघ गावोगाव फिरू लागले. नाटक अथेन्सबाहेर पोहोचले ते या दगडी थिएटरांमुळेच.

पिटातला

हरकत मान्य आहे. मेनांडरच्या बाबतीत शीर्षक चुकले, आणि ते बदलत नाही ते केवळ या प्रतिसादाचा संदर्भ जाऊ नये म्हणून. माझ्या बचावात एवढेच म्हणतो, की मेनांडरच्या नाटकात वृंद कथानकाबाहेर गेलेला आहे. हस्तलिखितात त्याच्या जागी नुसता 'वृंदाचे गाणे' असा शेरा आढळतो आणि गाण्याचे शब्दही दिलेले नसतात. ज्या वर्तुळाभोवती दगडी पायऱ्या रचल्या, त्या वर्तुळातली माणसे तोवर मध्यंतरापुरती उरली होती.

जुन्या नाटकांचे प्रयोग वाढले हे तुमचे म्हणणे लायकर्गसच्याच दुसऱ्या कामाशी जुळते. त्याने तिन्ही शोकात्मिकाकारांचे पुतळे उभारले, त्यांच्या संहितांची अधिकृत प्रत सरकारदप्तरी ठेवली आणि नटांनी त्या प्रतीबाहेर जाऊ नये असा कायदा केला. अर्थात नट पदरचे घालत होते, म्हणूनच कायदा लागला. पुढे इजिप्तच्या टॉलेमी राजाने ती प्रत अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयासाठी नकलून घ्यायला पंधरा टॅलंट वजनाची चांदी अनामत ठेवून मागवली, असल प्रत ठेवून घेतली आणि नक्कल परत पाठवली, असे गॅलेन हा वैद्य सांगतो. अनामत बुडाली तरी त्याने पर्वा केली नाही. आज एस्किलसच्या नावावर सात, सॉफोक्लिसची सात आणि युरिपिडिसच्या नावावर एकोणीस नाटके उरली आहेत.

तिसरी घंटा

एक शंका राहिली. लाकूड तर कुजून गेले. मग मूळ प्रेक्षक फळ्यांवर बसत होते, हे इतक्या खात्रीने कशावरून म्हणता येते?

पिटातला

उत्खननात डायोनिससच्या थिएटरमध्ये खांब रोवण्याचे खड्डे सापडले आहेत, हा एक पुरावा. त्याआधी अथेन्सच्या बाजारचौकात प्रयोग होत, तिथल्या फळ्या कोसळल्या आणि म्हणून नाटके टेकडीच्या उतारावर गेली, असे नंतरचे कोशकार लिहितात. पण मला सर्वांत पटणारा पुरावा एका विनोदात आहे. इ.स.पू. ४११ च्या 'थेस्मोफोरियाझुसाई' या नाटकात अ‍ॅरिस्टोफेनिसने अथेन्सच्या बायकांची सभा भरवली आहे, आणि युरिपिडिसने आमची बदनामी चालवली आहे, अशी त्यांची तक्रार आहे. एकजण उठून सांगते, की त्याची नाटके पाहून आमचे नवरे फळ्यांवरून उठून घरी येतात, ते आल्या आल्या आमच्याकडे संशयाने पाहतात आणि कोणी यार लपवून ठेवला आहे का म्हणून घरभर शोधत सुटतात. तिथे तिने वापरलेला शब्द 'इक्रिया' हा आहे, म्हणजे लाकडी फळ्यांची बाके.